खरखरीत, गुळगुळीत

४ फेब्रुवारी

डावऱ्या,

पत्र बघून हुरळून जाऊ नकोस. हे समेटाचं पत्र नाही, तगाद्याचं आहे. घर सोडताना तू क्लचच्या स्प्रिंगा दाबायचं ते जुगाड घेऊन गेलास, पाइपाचा तुकडा आणि लांब बोल्ट जोडून केलेलं. ते वर्कशॉपचं आहे, ते परत पाठव. फोनच केला असता, पण माझा फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतोस. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि बादली खालीच ठेवून जाते, तेवढं मला कळतं.

कशाला हवंय तेही सांगते, नाहीतर तू बसल्या जागी तर्क लढवशील. बाबांच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडायचा आहे. हो, तोच. दोन वर्षं ताडपत्रीखाली होता, कुणी नुसतं टोक उचललं तरी बाबा अंगावर यायचे. आणि परवा चहा पिता पिता मला म्हणाले, "काढ तो बॉक्स. तूच उघड, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." मी म्हटलं, एवढ्या वर्षांत आत्ताच का? तर म्हणे एप्रिलमध्ये चढाची शर्यत आहे, मी गाडी काढणार. आणि नुसता दुरुस्त नको, आधीपेक्षा तगडा हवा. क्लचच्या ड्रममध्ये एक फ्रिक्शन प्लेट जास्तीची, गिअर खटकन पडावा म्हणून व्हॉल्व्ह बॉडीत कडक स्प्रिंगा, ऑइलचा कूलर दुप्पट मोठा.

शेजारच्या सीटवर आई बसणार आहे, नेहमीसारखी स्टॉपवॉच धरून. तीच आई, जिचा उजवा हात अजून वरच्या फळीपर्यंत जात नाही. बाबांचा डावा गुडघा दुमडत नाही, पण ते म्हणतात ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम काय. तुला आठवण करून द्यायला नको, चढावर मध्येच बॉक्सने दम सोडला आणि गाडी मागे घरंगळत कठड्यावर गेली, त्यामुळे हे सगळं झालं. त्यावर बाबा एकच वाक्य बोलले, "त्यानेच चुकवलं," आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून पिशवी भरलीस. त्या आठवड्यात मी सासरी गेले होते. येईपर्यंत तू नव्हतास.

मी तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारत नाही. बॉक्स उघडला की तोच बोलेल. जुगाड पाठव.

ताई


१३ फेब्रुवारी

डावऱ्या,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तुझ्या जुन्या शर्टात गुंडाळलेलं, बोल्टाला नवीन ग्रीस लावलेलं. दोन वर्षांत एवढी निगा घरच्या माणसांची घेतली असतीस तर बरं झालं असतं.

पण मला सांग, त्याच पार्सलात पातळ पोलादी प्लेटांचा अख्खा संच कसा? मी मागितला नव्हता. एक फ्रिक्शन वाढवायची तर पोलादी प्लेट पातळ लागतात, नाहीतर ड्रममध्ये जागा होत नाही. ते मला कळतं, तुला कळतं. पण मी पत्र टाकलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझं पार्सल निघालंय, शिक्का बघितला मी. हा संच काही कोपऱ्यावर मिळत नाही. म्हणजे तो तुझ्याकडे आधीच तयार होता. बाबांनी बॉक्स उघडायचं ठरवलं हे तुला माझ्याआधी कळलं होतं. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं कळतं.

आईला विचारलं. म्हणाली, "थांब गं, दूध उतू जातंय." गॅसवर दूध नव्हतं. गॅसच पेटलेला नव्हता.

कुठेतरी पाणी मुरतंय. तुला वर्कशॉप हवंय का? तसं असेल तर सरळ सांग. बाबा थकलेत, ताईला काय कळतंय, आईला हाताशी धरून हळूच पाय आत घालायचा, असा डाव असेल तर विसर. आणि हो, संच मी वापरणार आहे. चांगला आहे.

ताई


२० फेब्रुवारी

आज ड्रम उघडला. खाली बसून लिहितेय, हाताला अजून जळक्या ऑइलचा वास आहे, पानाला लागेल. लागू दे.

टाकण्याआधी पत्र आईच्या हाती पडलं तर तिलाही कळू दे म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. आपल्याकडे क्लचच्या प्लेट कुणी एकट्याने लावत नाही. एक लावणारा, एक म्हणणारा. म्हणणारा "खरखरीत" म्हणाला की लावणाऱ्याने अस्तराची फ्रिक्शन प्लेट ठेवायची, "गुळगुळीत" म्हणाला की पोलादी. लावणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, म्हणणाऱ्याने हात लावायचा नाही. शाळेतून आल्यावर "मी म्हणणार, मी म्हणणार" करून आपण दोघं भांडायचो, आणि बाबा आपल्याला स्टुलावर आळीपाळीने बसवायचे. इतर मेकॅनिक हसायचे बाबांना, म्हणायचे मास्तर बॉक्स भरतात की बाराखडी घेतात. पण बाबांचा एकही बॉक्स कधी परत आला नाही.

आणि या ड्रममध्ये काय निघालं सांगू? खरखरीतवर खरखरीत. एकमेकींना अशा चिकटल्यात की पटाशी घालून सोडवाव्या लागल्या. आणि पुढे कुठेतरी गुळगुळीतवर गुळगुळीत. सगळ्या प्लेट हजर, एकही कमी नाही. वरची फट मोजली असशील तर बरोबरच आली असेल, उंची तेवढीच ना! सपाट रस्त्यावर गाडी गुमान पळाली असेल. चढ लागला, जोर पडला, आणि दोन अस्तरं एकमेकींवर घासत जळून गेली.

म्हणणारा कुणी नव्हता, म्हणून हे झालं. मी सासरी, बाबा दुपारचे आडवे झाले असतील, आणि तुला घाई. तुला नेहमीच घाई. एकट्याने लावल्यास ना? "बाबांच्या जुन्या खुळाला कोण विचारतं" असं तूच एकदा म्हणाला होतास. आईचा खांदा बघ जरा येऊन. केस विंचरायला तिला माझी वाट बघावी लागते.

मला वाटायचं काहीतरी दुसरं निघेल. पंप निघेल, तडा निघेल. इतके दिवस मनात तेच धरून होते, तुझ्यासाठीच धरून होते, गाढवा. आता काही उरलं नाही.


१ मार्च

तुझी चिठ्ठी आली. दोन वर्षांत पहिली, आणि त्यात एवढंच: "ताई, बाबांना गाडी चालवू देऊ नकोस."

वा! चोर तो चोर वर शिरजोर. प्लेट तू चुकवणार आणि गाडी बाबांनी सोडायची? का सोडायची ते लिहायला शाई संपली का? मी ती चिठ्ठी फाडणार होते. मग म्हटलं राहू दे, पुरावा आहे.

पण तुझ्या चिठ्ठीने माझं डोकं फिरवलं हे खरं. त्या रागातच ड्रम घासायला घेतला, मूळ धातू दिसेपर्यंत घासला. आणि काठावर ओरखडे दिसले.

प्लेट दाबून धरणारी वरची सर्क्लिप, एका जागी फट असलेली ती कडी, आपण कशी बसवतो? उजवा माणूस एक टोक डाव्या अंगठ्याखाली धरतो आणि स्क्रूड्रायव्हरने दाबत दाबत उजवीकडून गोल जातो. शेवटचं टोक खटकन बसतं तेव्हा पातं निसटतं आणि काठावर ओरखडा उठतो, फटीच्या डाव्या बाजूला. माझा तिथेच उठतो. बाबांचाही. तू डावखुरा, तुझं सगळं उलटं, तुझा उजव्या बाजूला उठतो. खात्री करायला मागच्या फळीवरचे तुझ्या हातचे जुने दोन ड्रम काढून बघितले. उजवीकडेच.

या ड्रमवर ओरखडा डावीकडे आहे.

मी सासरी होते. तू डावरा. मग प्लेट लावल्या कुणी हे सांगायला ज्योतिषी नको. लावणारे बाबा होते.

आता तू म्हणशील, झालं, ताईने माफ केलं. इतक्यात नाही. लावणारे बाबा, तर म्हणणारा कोण? तूच असणार, दुसरं कोण होतं घरात. बाबांनी "त्यानेच चुकवलं" म्हटलं ते हेच असेल. मोबाइलमध्ये नाक खुपसून "खरखरीत, खरखरीत" बडबडला असशील. पण मग मला एक कळत नाही. तू म्हणताना हाताकडे बघतोस, डोळे मिटून म्हटलं तरी चूक तुझ्या कानाला कळते. लहानपणी मी मुद्दाम चुकीची प्लेट उचलली की तू किंचाळायचास. तेव्हा तू कसा चुकलास?

तू काहीतरी लपवतोयस. आई लपवतेय. आता तर मला बॉक्ससुद्धा लपवतोय असं वाटायला लागलंय.


६ मार्च

डावऱ्या,

कूलर मोठा करायला म्हणून रेडिएटरवाल्या काकांकडे गेले होते. सहज म्हणून विषय काढला. सहज कसला, ठरवूनच गेले होते. म्हटलं, काका, तो अपघात झाला त्याच्या आदल्या दिवशी आमचा डावरा कुठे होता, आठवतंय का?

काकांनी डोळ्यावरचा चष्मा कपाळावर घेतला. "आठवतंय म्हणजे? माझ्याकडेच होता की! तुमच्याच गाडीचा कूलर गळत होता. जेवून आला तो दिवे लागेपर्यंत इथेच बसला होता, माझं डोकं खात. का गं?"

काही नाही, म्हटलं, आणि कूलर तिथेच विसरून घरी आले.

म्हणजे तूही तिथे नव्हतास. दुपारभर वर्कशॉपमध्ये बाबा एकटे. ज्यांनी आपल्याला स्टुलावर बसवून नियम शिकवला, त्यांनीच एकट्याने प्लेट लावल्या, चुकवल्या, आणि नाव तुझं घेतलं. स्वतःच्या पोराचं. आणि तू ऐकून घेतलंस.

बाबा लबाड नाहीत. गिऱ्हाइकाचा जुना वॉशर चांगला असेल तर नवा घालत नाहीत ते. पण मास्तर म्हणून नाव आहे, चार लोक मान देतात, आणि माणूस आपल्या नावाला भितो. तसंच असेल का? काल ताटावर बसल्यावर मी त्यांच्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "काय बघतेस?" मी म्हटलं, काही नाही, नखं वाढलीयत. पोटच्या पोरीने बापावर पाळत ठेवावी अशी वेळ तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यावर आणलीत.

उद्या नव्या प्लेट लावायच्या आहेत. ऑइलमध्ये भिजत घातल्यात. बाबा म्हणाले, "लावणारा मी, म्हणणारी तू." मी हो म्हटलं. पण मी त्यांना अजमावणार आहे. कसं ते सांगत नाही, तू आईला सांगशील.

ताई


७ मार्च

कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

बाबा दुखरा पाय पसरून खुर्चीत बसले. समोर ड्रम, बाजूला ऑइलचा ट्रे. मी उभी होते, कारण तुझ्या स्टुलावर कुणी बसायचं नाही असं न ठरवताच ठरलंय. त्यांचे हात अजून तसेच आहेत रे. प्लेट उचलायची, दोन बोटांनी जास्तीचं ऑइल निथळायचं, दात जुळवायचे, अलगद सोडायची. मी म्हणत गेले, ते लावत गेले. खरखरीत, गुळगुळीत, खरखरीत. मला लाजच वाटली, या माणसावर मी संशय घेतला म्हणून.

तेवढ्यात काका दारात आले, माझा विसरलेला कूलर घेऊन. "काय मास्तर, यंदा डोंगर सपाट करणार म्हणे!" बाबा हसले, म्हणाले, "डोंगर नाही, तुझी जीभ." काका कूलर ठेवून गेले. बाबा वळले. वर नुकतीच लावलेली खरखरीत होती. आता गुळगुळीत म्हणायची माझी पाळी. आणि मी गप्प राहिले. मुद्दाम.

नियम काय आहे? म्हणणारा म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही. बाबांनी क्षणभर मान तिरकी केली, जशी ते आपलं ऐकताना करायचे. मग मान हलवली, ट्रेमधून खरखरीत उचलली, निथळली आणि खरखरीतवर खरखरीत सोडली. अगदी शांतपणे.

मी म्हटलं, "बाबा, मी काहीच म्हटलं नव्हतं."

"तू नाही," ते म्हणाले. "त्याने म्हटलं की." आणि त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. रिकाम्या स्टुलाकडे.

मी काय करायला हवं होतं सांग. ओरडू? हसू? बाबा अजून स्टुलाकडे बघत होते, आधी सहज, मग नीट. मग त्यांनी ड्रममध्ये बघितलं. त्यांच्या डोळ्यांना चूक दिसली, ती दिसायची राहिली नाहीये अजून. बोट घालून त्यांनी प्लेट परत काढली आणि मांडीवर धरून बसले. ऑइल पँटवर गळत होतं.

मग म्हणाले, "त्या दिवशीही तो नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हता, बाबा. काकांकडे होता."

"मला स्पष्ट ऐकू आलं होतं गं," ते म्हणाले.

ते खोटं बोलले नव्हते, डावऱ्या. त्यांना तू ऐकू आला होतास. दोन वर्षं त्यांच्या लेखी तू त्यांच्या शेजारी बसून त्यांना चुकीचं सांगितलंस, आणि तू "मी तिथे नव्हतोच" हे तीन शब्द बोलला नाहीस. आईला धरून बसवलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. संध्याकाळी तू परत आलास, विचारलंस बाबा, म्हणणारं कोण होतं, आणि ते म्हणाले, "अरे, तूच की." तू घाबरलास, बॉक्स पुन्हा खोलू या म्हणालास, ते चिडले. सकाळी तू उठायच्या आत गाडी घेऊन निघाले. नंतर आईने तुला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, आपल्याला नसलेलं ऐकू येतंय हे बाबांना कळलं तर ते खचतील, म्हणून. आणि तू चांगुलपणाचा पुतळा होऊन चालता झालास.

तुझी माफी मागणार नाही मी. गप्प बसणं हेही खोटंच असतं. मला सांगितलं असतंस तर दोन वर्षं तुला शिव्या देण्यात गेली नसती. आणि जर बाबांनी हा बॉक्स पुन्हा एकट्यानेच भरून गाडीत घातला असता, त्यात खरखरीतवर खरखरीत असती आणि शेजारी आई असती, तर? हा विचार तुम्हा दोघांना आला नाही? तुला आला, माहितेय. चिठ्ठी आली. पण नुसती एका ओळीची चिठ्ठी! उंटावरून शेळ्या हाकू नयेत रे, माझ्या राजा.

रडतेय मी. राग आलाय म्हणून, दुसरं काही नाही.


९ मार्च

डावऱ्या,

गाडीची किल्ली बाबांनी स्वतः आणून माझ्या ओट्यावर ठेवली. मी मागितली नव्हती. म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ म्हणतेस ना, जाऊ." एवढंच. आई पदराआड तोंड करून आत गेली, यावेळी दुधाचं नावसुद्धा न घेता.

माझा संशयी स्वभाव जाणार नाही, तेव्हा शेवटचा संशय लिहूनच टाकते. मला वाटतं, बाबांना आधीपासून कुठेतरी ठाऊक होतं. दोन वर्षं ताडपत्रीचं टोक उचलू न देणारा माणूस एक दिवस उठून "तूच उघड" म्हणतो, ते शर्यतीसाठी नसतं. शर्यतीचं नाव त्यांनी नंतर एकदाही काढलेलं नाही. स्वतःला विचारायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी बॉक्सला विचारायला मला लावलं. असेल किंवा नसेल. विचारणार नाही मी.

ड्रम अर्धाच भरलाय. प्लेट ऑइलमध्ये आहेत, त्यांचं काही बिघडत नाही. संध्याकाळी मी झाकायला गेले तर बाबा तिथेच बसलेले. तुझं स्टूल त्यांनी खुर्चीच्या जागी ओढलं होतं आणि खुर्ची स्टुलाच्या जागी. मला म्हणाले, "आता लावायला मी बसायचं नाही. त्याला बोलाव. तो लावेल, मी म्हणतो."

मी गप्प राहिले. यावेळी मुद्दाम नाही. त्यांना कळलं मी काय विचार करतेय.

"माझं चुकेल मधेच," ते म्हणाले. "तेव्हा तो सांगेल. आता तरी सांगेल ना?"

मी सांगून टाकलंय, सांगेल म्हणून. मला तोंडघशी पाडू नकोस.

ताई